हिरवी की नारिंगी

गेला आठवडाभर काओ युंग-शांग घरातले सगळे कपडे स्वतः धूत होता. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोला, युए-शियाला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने ही बातमी बहिणीला फोन करून सांगितली. तिसऱ्या दिवशी मात्र तिला संशय आला. बावन्न वर्षांचा नवरा एकाएकी मोजे उलटे करून धुवायला लागला, तर कुठल्याही शहाण्या बाईला संशय यायलाच हवा.

खरी गोष्ट अशी की वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या ताडपत्रीखाली, सायकलीच्या दोन फ्रेम लपवलेल्या होत्या. एक हिरवी, एक नारिंगी. युंग-शांग मशीनमध्ये कपडे कोंबायचा, प्लॅस्टिकचं स्टूल ओढायचा, ताडपत्री बाजूला करायचा आणि कपडे पिळून होईपर्यंत दोघींकडे आळीपाळीने बघत बसायचा. लग्नाआधी मुलगी बघायला गेला होता तेव्हासुद्धा त्याने इतका वेळ घेतला नव्हता.

या साध्या सायकली नव्हेत बरं का. डोंगराच्या माथ्यावर टेम्पोत घालून न्यायची आणि तिथून दगडधोंड्यांवरून, झाडांच्या मुळांवरून, जीव मुठीत धरून खाली सोडायची, अशी ही डाउनहिल सायकल. ती चढावर चालत नाही, तिच्यावरून भाजी आणता येत नाही, आणि पडलं की हाड मोडतं. आमच्या फेंगयुआनमध्ये दर दोन-चार घरांआड कोणीतरी सायकलीच्या कारखान्यात कामाला आहे, त्यामुळे हे वेड इथे पडशासारखं पसरतं. युंग-शांग पतपेढीत कारकून होता, तरी त्यालाही ते लागलंच.

आता घोळ असा होता की नारिंगी फ्रेमला दोन्ही चाकं मोठी बसत. ती वाटेतला दगड न् दगड गिळून सरळ सुटायची, पण तीव्र उतारावर युंग-शांगसारख्या बुटक्या माणसाच्या बुडाला मागचं चाक घासायचं. हिरवीला मागचं चाक लहान. तिच्यावर बूड सुखरूप, वळणंही झोकात, पण दगडांतून जाताना ती दात खिळखिळे करणार. म्हणजे बूड वाचवायचं की दात, एवढाच प्रश्न होता, आणि तो काही सुटत नव्हता.

फ्रेम आल्या होत्या आ-पुईच्या दुकानातून. आ-पुई म्हणजे जाड्या. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही चटकन आठवत नसे. चांद्र सातवा महिना चालू होता, पितरांचा. या महिन्यात कोणी नवं वाहन घेत नाही, कारण घेतलं की पहिलं डबलसीट भूतच बसतं. त्यामुळे आ-पुई दुकानात माश्या मारत बसला होता. तो म्हणाला, "घरी ने दोन्ही. बघ, हात फिरव, मिठी मार. एक ठेव, एक परत दे. पण लवकर सांग बाबा, मला म्हातारा करू नकोस."

हे सगळं चोरून का? तर गेल्या वर्षी युंग-शांग डोंगरावरून आला तो सायकलीवरून नाही, स्ट्रेचरवरून. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बरा झाल्यावर आईने त्याला वरच्या मजल्यावर देवघरात नेलं, वडिलांच्या नावाच्या पाटीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की पुन्हा असली सायकल घरात आणणार नाही. हातात उदबत्ती धरून त्याने शपथ घेतली होती. मेलेल्या बापासमोर घेतलेली शपथ मोडणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो मोजे धूत होता.

सातव्या दिवशी युए-शियाने त्याला रंगेहाथ पकडलं.

"हे काय आहे?"

"कुठे काय?"

"तुझ्यासमोर. ताडपत्रीखालून शिंगं दिसतायत ती."

युंग-शांगने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर पितरांच्या पौर्णिमेभोवती युए-शियानेच लाल गोल केला होता. बुडणाऱ्याला ओंडका मिळावा तसा त्याला तो गोल दिसला.

"कागदाच्या आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"कागदाच्या. बाबांसाठी. पौर्णिमेला जाळायला. तुम्हा दोघींना सांगणारच होतो, पण म्हटलं गुपचूप करावं."

आमच्याकडे पितरांना कागदाचं सगळं जाळून पाठवतात. बंगला, मोटार, मोबाईल, नोकरचाकर, हवं ते. युए-शियाने नारिंगी फ्रेमवर टिचकी मारली. कार्बनची फ्रेम ती, पुठ्ठ्यासारखीच वाजली. तिने एका हाताने उचलून पाहिली.

"बरीच जड आहे की रे."

"हल्ली पुठ्ठा चांगला वापरतात."

"आणि चाकं कुठायत?"

"चाकं येतायत मागून. कारागिराकडे गर्दी आहे."

ती आणखी काही विचारणार, तेवढ्यात आई आली. युंग-शांगच्या आईला एरवी टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल इतका मोठा लागतो, पण घरात कोणी कुजबुजलं की तिला हटकून ऐकू येतं. "कोणासाठी? ह्यांच्यासाठी?" म्हणत ती काठी टेकत पुढे झाली.

"हो आई. बाबांसाठी. ही सायकल फक्त उतारावरच चालते."

आई थबकली. "फक्त उतारावर?"

"फक्त उतारावर. पायडल मारायलाच लागत नाही."

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. आईचे डोळे भरून आले. युंग-शांगचे वडील पोस्टमन. शिनशेच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. थैली खांद्याला, समोर चढ. "रात्री पाय दाबायला बसायची मी त्यांचे," आई म्हणाली, "पोटऱ्या नुसत्या दगड झालेल्या असायच्या. म्हणायचे, अगं, या डोंगराला फक्त चढच आहे, उतार कोणी पळवला कोण जाणे. आणि तुला बरोब्बर तेच आठवलं! अरे, माझ्या बाळा!" तिने बावन्न वर्षांच्या कारकुनाचे दोन्ही गाल धरले आणि ओढले. युंग-शांगला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं मनापासून वाटलं. चिडलेल्या आईला तो तोंड देऊ शकला असता, पण खूश झालेल्या आईला खरं कसं सांगणार?

"पण दोन कशाला?" युए-शियाचं डोकं मात्र जागेवर होतं. "माणूस एक, सायकली दोन?"

"त्यांना... निवडता यावी म्हणून."

"मग त्यांनाच विचारू," आई डोळे पुसत म्हणाली. "रविवारी कौल लावू. ते म्हणतील ती पौर्णिमेला जाळू, दुसरी कारागिराला परत."

युंग-शांगने तडक आ-पुईचं दुकान गाठलं. आ-पुई दुधाच्या चहातले साबुदाण्यासारखे काळे गोळे नळीने ओढत बसला होता. हकीकत ऐकून त्यातला एक गोळा त्याच्या नाकात गेला.

"जाळणार? माझी फ्रेम? कार्बनची?"

"हसू नकोस. मार्ग सांग."

"मार्ग सरळ आहे. तू घरी सांगितलंयस ना कागदाची आहे, मग कागदाची करून घे. हुबेहूब. बदलून टाक. कागद बाबांना, कार्बन तुला, दुसरी मला परत. उलट बरंच झालं की! घरच्यांच्या लेखी ती जळून गेली. तिला कोणी शोधणारसुद्धा नाही. ती इथे माझ्याकडे ठेव आणि दर रविवारी डोंगरावर येत जा."

हे ऐकून युंग-शांगला थोडा वेळ आ-पुई देवमाणूस वाटला.

कागदकामात आमच्या भागात लो मास्तरांचा हात कोणी धरणार नाही. त्यांनी केलेल्या कागदी एसीला कागदी रिमोटसुद्धा असतो. त्यांच्या दुकानात छतापर्यंत बंगले रचलेले होते आणि मास्तर एका कागदी नोकराला मिशा चिकटवत होते. त्यांनी मोबाईलमधले फोटो चष्मा वर करून पाहिले.

"सायकल? करतो की."

"नुसती फ्रेम, मास्तर. चाकं नकोत."

मास्तरांच्या हातातली मिशी हातातच राहिली. "चाकं नकोत? मेलेल्या माणसाला बिनचाकाची सायकल पाठवणार? तिकडे तो काय ती गळ्यात घालून फिरणार?"

"वेळ नाहीये हो."

"वेळ मलाही नाही. पितरांचा महिना आहे. एकच होईल. कुठली करू, हिरवी की नारिंगी?"

झालं! जो प्रश्न आठवडाभर सुटला नव्हता तो उभ्या उभ्या सोडवायची वेळ आली. जी कागदाची होईल तीच जाळायची आणि तिचीच खरी जुळी बहीण आपल्याला मिळायची. युंग-शांगने आधी दातांचा विचार केला, मग बुडाचा. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी मास्तरच कंटाळून म्हणाले, "नारिंगीच करतो. हिरवा कागद संपलाय. एका कंत्राटदाराच्या वडिलांना गोल्फचं मैदान पाठवतायत, सगळा त्यात गेला."

अशा रीतीने नारिंगी ठरली, आता फक्त कौल तसा लागायला हवा होता. आणि ठरल्याबरोबर युंग-शांगला हिरवी जास्त आवडायला लागली.

रविवारी देवघरात सगळे जमले. कौल लावायची रीत सोपी आहे. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न विचारायचा आणि तुकडे खाली टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. आणि दोन्ही सपाट वर आले तर वर बसलेला माणूस हसतोय. प्रश्नालाच हसतोय. ओळीने तीन होकार आले की कौल पक्का, मग देवाचाही बाप तो बदलू शकत नाही.

"अहो," आईने पाटीकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, "पोराने तुमच्यासाठी सायकल आणलीय. नारिंगी हवी का?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

"हसतायत," आई कौतुकाने म्हणाली. "पुन्हा विचारते. अहो, नारिंगी हवी का?"

दोन्ही सपाट.

"एवढं हसण्यासारखं काय आहे?" युए-शिया नवऱ्याकडे बघत म्हणाली. युंग-शांगच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. तिसऱ्यांदा तुकडे पडले ते दोन्ही फुगीर. स्वच्छ नकार.

"थांब आई, नीट ऐकू गेलं नसेल." युंग-शांग पुढे झाला आणि पाटीसमोर हात जोडून घाईघाईने बोलायला लागला, "बाबा, नारिंगी फार चांगली आहे हो! दोन्ही चाकं मोठी, एकदम दणकट, तुमच्या अंगाला शोभेल..."

"अरे, त्यांना विकतोयस की काय?" आईने त्याला काठीने बाजूला केलं. "अहो, मग हिरवी हवी का?"

होकार. पुन्हा टाकले, होकार. तिसऱ्यांदाही होकार, आणि तोही असा खाडकन की जणू बाबा कधीपासून याच प्रश्नाची वाट बघत बसले होते.

"मला ठाऊकच होतं," आई म्हणाली. "टपालखात्याचा रंग ना तो. सदरा हिरवा, गाडी हिरवी, थैली हिरवी. जन्मभर त्याच रंगात राहिला माणूस, आता नारिंगीवर बसेल होय?"

खरंच की. पोस्टमनच्या मुलाला हे सुचू नये! युंग-शांगने कपाळावर हात मारून घेतला. आईला वाटलं, पोरगा भारावलाय.

लो मास्तरांनी हिरवी करून द्यायला साफ नकार दिला. "नारिंगी सांगितलीत, नारिंगी केली. आता म्हणे हिरवी! पितरांची थट्टा लावलीय का?" मग ती सुंदर नारिंगी कागदी फ्रेम घेऊन युंग-शांग आ-पुईकडे गेला आणि पौर्णिमेच्या सकाळी दोघांनी मिळून तिच्यावर हिरव्या रंगाचे फवारे मारले. कागद तो. ओला झाल्याबरोबर त्याने माना टाकायला सुरुवात केली. आ-पुईने बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, आतून बांबूच्या काड्या खोचल्या, वरून आणखी एक हात मारला. शेवटी जे तयार झालं ते लांबून फ्रेमसारखं आणि जवळून आजारी नाकतोड्यासारखं दिसत होतं.

"धुरात कोण बघतंय?" आ-पुई म्हणाला.

पण दुपारी गल्लीत पोचतात तो काय! आईने खरी हिरवी फ्रेम सकाळीच खाली आणून नैवेद्याच्या टेबलावर मधोमध मांडली होती. एका बाजूला शेवयांची पाकिटं आणि बिअरचे डबे, दुसऱ्या बाजूला अख्खं भाजलेलं बदक, खाली भुतांना तोंड धुवायला पाण्याचं घमेलं आणि टॉवेल, आणि या सगळ्यांच्या वर ती फ्रेम, लाल फीत बांधून. अख्खी गल्ली येऊन टिचक्या मारून जात होती. शेजारच्या त्सेंगबाई म्हणत होत्या, "काय हो कारागिरी! अगदी खरी वाटते." आई प्रत्येकाला चढाची आणि उताराची गोष्ट सांगत होती. प्रत्येक वेळी तिचा आवाज त्याच जागी भरून यायचा आणि प्रत्येक वेळी युंग-शांग त्याच जागी फ्रेमची लाल फीत नीट करायला लागायचा.

"हा तुझ्या पँटला हिरवा रंग कसला लागलाय?" युए-शियाने विचारलं.

"कागदाचा रंग जातोय थोडा."

"चांगला पुठ्ठा ना तो?"

त्याने आ-पुईकडे बघून डोळे मिचकावले. ठरल्याप्रमाणे आ-पुईला चक्कर आली. फक्त त्याने पडायचं होतं रस्त्यावर, आणि तो पडला टेबलावर. एवढा ऐवज एका टोकाला आल्यावर टेबलाचं दुसरं टोक उचललं गेलं. डबे घरंगळले, घमेलं उपडं झालं आणि बदक फूटपाथवरून थेट गटाराच्या दिशेने निघालं. सगळी गल्ली धावली. आ-पुईकडे नव्हे, बदकाकडे. त्या गोंधळात युंग-शांगने खरी फ्रेम टेबलावरच्या कापडाखाली सरकवली, सोबतच्या पोत्यातून तो कागदी नाकतोडा काढला आणि धावत जाऊन कागद जाळायच्या भट्टीत घातला.

"अरे, थांब! हाक मारू दे त्यांना!" आई ओरडली आणि भट्टीपाशी येऊन तिने आवाज दिला, "अहो, या हो! तुमची सायकल न्यायला या!"

कागद, बांबू आणि त्यावर दोन डबे ओला तैलरंग. भक्क करून जी ज्वाळा उठली ती दुसऱ्या मजल्याच्या तारांपर्यंत गेली. युंग-शांगची एक भुवई तिच्याबरोबर गेली ती गेलीच.

"बघितलंत?" आई आनंदाने सगळ्यांना सांगायला लागली. "किती घाईने उचलली! काय हौस ती!"

पुढचे दोन दिवस युंग-शांग एका भुवईवर पण हवेत तरंगत होता. नारिंगी परत गेली होती. हिरवी आ-पुईच्या माळ्यावर सुखरूप होती. शपथ मोडल्याचं कोणाला कळलं नव्हतं, आई खूश होती, आणि तो मोजेसुद्धा धूत नव्हता. नारिंगीच बरी होती की काय असं अधूनमधून मनात यायचं, पण तेवढं चालायचंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेज पिता पिता आईने वाडगा खाली ठेवला.

"काल हे स्वप्नात आले होते."

युंग-शांगच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"घामाघूम झालेले. ती सायकल खांद्यावर टाकून चालत होते. म्हणाले, अगं, चाकं कुठायत हिला? मी आपलं ओझं वाहतोय. आधी थैली, आता ही."

"मी तेव्हाच विचारलं होतं," युए-शिया म्हणाली. "चाकं कुठायत म्हणून."

"मी म्हटलं, चाकं पाठवते. तर म्हणाले, नको गं. माझे गुडघे गेलेत, मी कसला उतारावरून उड्या मारतोय! पोराला परत दे. त्याचाच जीव आहे तिच्यात. शपथ-बिपथ मी सोडवली म्हणावं. जपून चालव म्हणावं." आईने पदर नाही म्हणून बाहीने डोळे टिपले. "पण आता कशी परत द्यायची? राख झाली तिची."

युंग-शांगने वाडगा दूर सारला. बापाने शपथ सोडवली होती! परवानगी दिली होती, आणि तीसुद्धा आईच्या तोंडून! आणि सायकल मात्र अख्ख्या गल्लीसमोर जळून गेली होती. आता खरं सांगावं तर खोटं उघडं पडणार, आणि गप्प बसावं तर फ्रेम जन्मभर आ-पुईच्या माळ्यावर राहणार.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. महिनाभराने दुसरी आणली असती आणि म्हणाला असता, बाबांनी सांगितलं म्हणून घेतली. पण युंग-शांगला दम कुठला! शनिवारी सासू-सून बाजारात गेल्या, तसा तो आ-पुईकडे धावला, हिरवी घेऊन आला, देवघरात वडिलांच्या पाटीसमोर उभी केली, वर भट्टीतली चिमूटभर राख भुरभुरली आणि दार वाजल्याबरोबर जिन्यावरून ओरडला, "आई! वर ये! बाबांनी परत पाठवली!"

आई जिना चढून आली तेव्हा काठी खालीच विसरली होती. ती फ्रेमजवळ बसली. मग तिने हात लावला, राख बोटावर घेतली आणि पाटीकडे बघून हळूच म्हणाली, "एवढ्या लांब परत चढून आलात होय हो? आणि तेही ओझं घेऊन?"

युंग-शांगला त्याच क्षणी सगळं कबूल करावंसं वाटलं. त्याने तोंडही उघडलं होतं. पण तोवर त्सेंगबाई उसनं आलं मागायला आल्या होत्या, त्यांनी दारातून एकदा आत बघितलं आणि आलं न घेताच पळत सुटल्या. घटकाभरात घर भरलं. ज्यांनी ज्वाळा बघितली होती त्यांनी ती आता चौथ्या मजल्यापर्यंत नेली. दोघीतिघींनी फ्रेमपुढे उदबत्त्या लावल्या. कोपऱ्यावरच्या भूमिदेवाच्या देवळाचे अध्यक्ष स्वतः आले, फ्रेमला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "परलोकात जाऊन परत आलेली वस्तू माझ्या आयुष्यात मी पाहिली नाही. हिची जागा देवळात आहे."

"छे छे!" युंग-शांग घाबरून पुढे आला. "बाबांनी ती मला चालवायला दिलीय! स्वप्नात सांगितलंय, विचारा आईला!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई काही बोलायच्या आत युए-शिया पुढे झाली. तिने फ्रेम एका हाताने उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि एक टिचकी मारली. मग नवऱ्याच्या उरलेल्या भुवईकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "जाताना कशी, ज्वाळेवर भुर्रकन उडाली. येताना पुन्हा पहिल्यासारखी जड होऊन आली. बाबांचा आशीर्वाद भरलाय रे हिच्यात. आणि ज्या सायकलीला बाबांनी खांदा दिला, तिच्यावर तू बूड टेकवणार? लाज नाही वाटत?"

"नाहीच मुळी टेकवणार," आई म्हणाली. "माझं पोर तसलं नाही."

गल्लीने माना डोलावल्या. त्याच दुपारी ढोल वाजवत फ्रेम देवळात गेली.

आता ती तिथेच आहे. भूमिदेवाच्या डाव्या हाताला, काचेच्या कपाटात, लाल कापड नेसून. परीक्षेची मुलं, गुडघेदुखीची म्हातारी माणसं आणि सगळे पोस्टमन तिच्या पाया पडायला येतात. आ-पुई पैसे मागायला आला होता. कपाटासमोरची गर्दी बघून त्यानेही मुकाट्याने एक उदबत्ती लावली आणि बाहेर येऊन युंग-शांगला म्हणाला, "हप्त्याने दिलेस तरी चालतील. काय करणार, देवाच्या कामाला लागली." आई रोज संध्याकाळी जाऊन काच पुसते. इतकी खूश ती गेल्या कित्येक वर्षांत कोणी बघितली नव्हती, आणि युंग-शांगलाही तिचा तो चेहरा बघितला की आपण केलं ते बरंच केलं असं वाटतं. घरी आल्यावर वाटत नाही.

परवा दुपारी देवळात कोणी नाही असं बघून तो आत शिरला. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत हात घालून त्याने फ्रेमवरून एकदा हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं कशाला सांगा. मग त्याने कौलाचे तुकडे घेतले, गुडघे टेकले आणि कुजबुजला, "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, पोराला दे म्हणून? एकदाच. डोंगरावरून एकदाच खाली येतो आणि परत आणून ठेवतो. बसू का हिच्यावर?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

त्याने पुन्हा टाकले. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा एक तुकडा गरागरा फिरत राहिला, युंग-शांगने श्वास रोखून धरला, आणि तोही सपाट बाजू वर करून आडवा झाला.

"टाक की अजून एकदा," मागून युए-शियाचा आवाज आला. ती दारात मोज्यांची बादली घेऊन उभी होती. "आज खूप दिवसांनी मनापासून हसतायत ते."